हिमात पहिला मुक्काम कोठे करावा?

कळसूबाई हे सह्याद्रीतील सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंच आहे. आणि अमेरिकेच्या वायव्य भागात, सिअ‍ॅटल शहरापासून मोटारीने सुमारे अडीच तासांवर, माउंट रेनियर या १४,४१० फुटी ज्वालामुखी पर्वताच्या दक्षिण उतारावर पॅराडाइज म्हणून जे ठिकाण आहे, तेही जवळजवळ त्याच उंचीवर वसलेले आहे. परंतु १९७१-७२ च्या हिवाळ्यात त्या ठिकाणी १,१२२ इंच, म्हणजे साडेत्र्याण्णव फूट हिमवर्षाव झाला, आणि पुढे १९९८-९९ मध्ये त्याच कॅस्केड पर्वतरांगेतील माउंट बेकर येथे १,१४० इंचांची नोंद होईपर्यंत, एका हंगामात मोजल्या गेलेल्या हिमाचा जागतिक उच्चांक म्हणून त्याची गणना होत असे. पॅसिफिक महासागरावरून येणारे आर्द्र वारे कॅस्केड पर्वताला अडतात, वर चढताना थंड होतात, आणि आपल्या घाटमाथ्यावर जे पाणी जलधारांच्या रूपाने कोसळते तेच तेथे हिमरूपाने उतरते. उंची तीच, वाऱ्यांना अडविणाऱ्या डोंगराचे कार्यही तेच. भेद मुख्यतः अक्षांशाचा आणि ऋतूचा. परंतु एवढ्या भेदाने डोंगरात रात्र काढण्याचे सारे शास्त्र बदलून जाते.

सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड या गावांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत असे अनेक आहेत की ज्यांचे तारुण्यातील शनिवार-रविवार राजगडावर, रतनगडावर किंवा हरिश्चंद्रगडाच्या गुहेत गेले आहेत. हिमात पाय रुतू नयेत म्हणून वापरावयाचे स्नोशू पायांत बांधून दिवसभर हिंडण्याची सवय झाली, की यांच्यापैकी पुष्कळांना हिमात मुक्काम करण्याची ओढ लागते, आणि ती सर्वथा योग्यही आहे. कारण चांदण्या रात्री देवदारांच्या वनात नव्या हिमावर पसरलेली नीरवता अनुभवण्यासारखे सुख या प्रदेशात दुसरे नाही. परंतु तयारीला लागलेला मनुष्य प्रथम चौकशी करतो ती तंबूची, निजण्याच्या पिशवीची आणि स्नोशूंच्या आकाराची. आणि जावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र कोणी तरी दाखविलेल्या एखाद्या छायाचित्रावरून निकालात निघतो. हा क्रम उलटा आहे, असे माझे निश्चित मत आहे. साहित्यातील उणीव पुष्कळदा वेळेवर माघारी फिरून भरून काढता येते; परंतु जेथून माघारीच फिरता येऊ नये अशी जागा निवडली असेल, तर उत्तमोत्तम साहित्यही हतबल ठरते. म्हणून पहिल्या मुक्कामाची जागा निवडताना सौंदर्याचा विचार शेवटी करावा, आणि रात्री-अपरात्री, वादळात, थकलेल्या सोबत्यासह तेथून मोटारीपर्यंत सुखरूप परत येता येईल काय, हा विचार सर्वांच्या आधी करावा. या लेखात जे सांगावयाचे आहे त्याचा सारांश एवढाच आहे. पुढे आहे तो त्याचा तपशील.

उताराची परीक्षा

सह्याद्रीत जागा निवडताना आपण पाणी पाहतो, आडोसा पाहतो, पावसाळा असेल तर ओढ्याचा रोख पाहतो. हिमप्रदेशात सर्वप्रथम पाहावयाचा तो उतार. हिमाचे थर एकावर एक साचत असता त्यांतील एखादा थर दुबळा राहतो, आणि वरचा भार वाढला किंवा माणसाचे पाऊल पडले म्हणजे त्या दुबळ्या थरावरून वरचे सारे आच्छादन एका क्षणात सुटून खाली लोटते. यालाच हिमप्रपात म्हणतात. असे बहुतेक प्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात, आणि त्यांतही ३८ अंशांच्या आसपासचा उतार विशेष घातक समजला जातो. तीस अंशांच्या आतील उतारावरून प्रपात क्वचित सुटतो. म्हणून नवख्याने आपला सारा प्रवास या मर्यादेच्या आत ठेवावा, हा पहिला नियम.

परंतु एवढ्याने भागत नाही, आणि नेमक्या येथेच स्नोशू वापरणाऱ्यांची फसगत होते. आपण तीव्र उतारावर चढतच नाही, सपाटीवर तंबू ठोकतो, तेव्हा आपल्याला भय नाही, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः प्रपात सुटतो एका ठिकाणी आणि येऊन थांबतो दुसऱ्याच ठिकाणी. आपली जागा सपाट असली तरी तिच्या माथ्यावर काय आहे, हे पाहिल्यावाचून तिला निर्भय म्हणता येत नाही. सिअ‍ॅटलच्या ईशान्येस बिग फोर नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याचे मैदान जवळजवळ सपाट आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहूनही कमी उंचीवर आहे; परंतु वर सुमारे चार हजार फुटांचा कडा उभा असून हिवाळाभर त्याच्यावरून इतके हिम खाली लोटत राहते, की त्याचा ढीग उन्हाळ्यातही टिकून राहतो आणि त्यात बर्फाच्या गुहा तयार होतात. एवढ्या कमी उंचीवर उन्हाळ्यातही हिम का टिकले, हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहील त्याला त्या जागेचा स्वभाव सांगावा लागणार नाही. तेथे हिवाळ्यात मुक्कामास जाऊ नये.

याच प्रदेशाच्या इतिहासात या गोष्टीचा एक दारुण दाखला आहे. स्टीव्हन्स खिंडीच्या पश्चिमेस वेलिंग्टन नावाचे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे एक ठाणे होते. १९१० च्या फेब्रुवारीअखेर अखंड हिमवृष्टीमुळे एक उतारूंची आणि एक टपालाची अशा दोन गाड्या त्या ठाण्यात कित्येक दिवस अडकून पडल्या. माथ्यावरच्या उतारावरील अरण्य आधीच वणव्यात जळून गेले होते, त्यामुळे हिमाला थोपवून धरणारी झाडे तेथे उरली नव्हती. थंडी ओसरून पाऊस आणि विजांचा गडगडाट सुरू झाला, आणि १ मार्चच्या पहाटेपूर्वी तो उतार सुटून दोन्ही गाड्या खालच्या दरीत फेकल्या गेल्या. त्यात ९६ माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेच्या इतिहासातील याहून मोठी हिमप्रपाताची आपत्ती आजवर नोंदली गेलेली नाही. ती माणसे पर्वतारोहण करीत नव्हती. ती केवळ चुकीच्या जागी थांबली होती. मुक्कामाची जागा निवडणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानात ठेवावी: भरपूर नवे हिम, त्यावर उष्ण हवा आणि पाऊस, आणि वर उघडा पडलेला उतार, या तीन गोष्टी एकत्र आल्या असता पायथ्याशी थांबू नये.

उतार ओळखावा कसा? घरी बसून नकाशावरून, आणि जागेवर पोहोचल्यावर डोळ्यांनी. नकाशावरील समोच्चरेषा जेथे दाटीने येतात तेथे उतार तीव्र असतो, हे गडकोट हिंडलेल्यास ठाऊकच असते. आता कॅलटोपोसारख्या संगणकीय नकाशांत उतारांचे अंश निरनिराळ्या रंगांनी दाखविण्याची सोय आहे, तिचा उपयोग अवश्य करावा. आपल्या वाटेवरील एखादाही टप्पा, अथवा वाटेच्या माथ्यावरील एखादाही मोठा उतार, तीस अंशांपलीकडच्या रंगात दिसत असेल, तर पहिल्या मुक्कामासाठी ते ठिकाण यादीतून काढून टाकावे. जागेवर गेल्यावर झाडांकडे पाहावे. घनदाट अरण्यातून वरपासून खालपर्यंत उतरलेली मोकळी पट्टी, डोंगराच्या बाजूच्या फांद्या तुटलेले वृक्ष, एकाच दिशेने वाकलेली कोवळी झाडी, ही सारी प्रपाताच्या वहिवाटीची चिन्हे होत. अरुंद घळ आणि ओढ्याचे खोल पात्र यांतही उतरू नये. वरून आलेले थोडेसे हिमही तेथे माणसाला खोल पुरून टाकते.

उन्हाळ्यातील वाट हीच हिवाळ्यातील वाट असा समज तर कधीही बाळगू नये. स्नोक्वाल्मी खिंडीजवळचे स्नो लेक हे उन्हाळ्यात सिअ‍ॅटलकरांचे अत्यंत आवडते ठिकाण. सहकुटुंब जाऊन दुपारी परतावे अशी ती वाट. पण हिवाळ्यात तीच वाट प्रपातांच्या अनेक मार्गांना छेदून जाते. आपण जुलै महिन्यात मुलांना घेऊन गेलो होतो, हा जानेवारीत जाण्याचा परवाना होऊ शकत नाही.

या प्रदेशासाठी नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर ही संस्था हिवाळ्यात रोज विभागवार अंदाज प्रसिद्ध करते. भयाच्या एकूण पाच पायऱ्या असतात: अल्प, मध्यम, लक्षणीय, तीव्र आणि आत्यंतिक. नवख्या वाचकास तिसरी पायरी मधली म्हणून सौम्य भासते. परंतु प्रत्यक्षात पुष्कळ प्राणहानी याच पायरीच्या दिवशी घडते, कारण भय खरोखर मोठे असते आणि माणसे मात्र घराबाहेर पडलेली असतात. अंदाजात केवळ अंक न पाहता कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारांवर आणि कशा प्रकारचे संकट संभवते, तो मजकूर सावकाश वाचावा. प्रपाताखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. म्हणजे शासकीय कुमक येईतो वेळ निघून गेलेली असते, आणि वाचवू शकतात ते फक्त बरोबरचे सोबती, तेही त्यांच्याजवळ शोधयंत्र, शोधकाठी व फावडे असून त्यांचा सराव असेल तरच. ज्याने हे शिक्षण घेतलेले नाही त्याने प्रपाताच्या प्रदेशात पाऊल न टाकणे हाच त्याचा बंदोबस्त. जेथे प्रपात पोहोचूच शकत नाही अशा जागा या पर्वतांत पुष्कळ आहेत.

अंतर आणि दिवसमान

मुंबईत वर्षातला लहानात लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. सिअ‍ॅटलला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मावळतो, म्हणजे हाती साडेआठ तासही पडत नाहीत. त्यातून रस्ता, मोटारीच्या चाकांना साखळ्या चढविणे, परवाना घेणे यांत सकाळ सरते. चालण्यास चार तास मिळाले तर पुष्कळ झाले असे समजावे, आणि त्यांतलाही शेवटचा एक तास तंबूची जागा तुडवून घट्ट करण्यासाठी राखून ठेवावा.

वेगाचा हिशेबही नव्याने मांडावा लागतो. पाठीवर हिवाळी मुक्कामाचे ओझे, पायांत स्नोशू आणि पुढे न तुडविलेले हिम असले, म्हणजे उन्हाळ्यात ताशी दोन-अडीच मैल चालणारा मनुष्य ताशी एक मैलावर येतो, आणि चढावर त्याहूनही खाली. स्नोशू शरीराचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरवून माणसाला बुडू देत नाहीत; परंतु ओझ्यामुळे वजन वाढले की तेच स्नोशू पूर्वीपेक्षा खोल रुततात, म्हणून त्यांचे माप ओझ्यासह येणाऱ्या वजनावरून ठरवावे. शिवाय आडव्या उतारावरून, डोंगराच्या कुशीने चालताना स्नोशू घसरतात आणि घोटे दुखावतात. तेव्हा वाट शक्यतो रुंद, सौम्य चढाची, जुन्या वनरस्त्यावरून किंवा पसरट सोंडेवरून जाणारी असावी. हे सारे ध्यानी घेता पहिल्या मुक्कामासाठी मोटारीपासून दोन मैल, फार तर अडीच मैल, आणि चढ एक हजार फुटांच्या आत, ही मर्यादा मी सुचवितो. ही मर्यादा ज्यांना भित्री वाटेल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की रात्री दोन वाजता कोणास थंडी बाधली तर हेच अडीच मैल काळोखातून पार करावे लागणार आहेत.

हवेचा स्वभाव

कॅस्केडचे हिम समुद्राजवळचे असल्यामुळे जड आणि ओलसर असते, आणि शून्य अंशाची रेषा, म्हणजे गोठणरेषा, एकाच दिवसात हजारो फूट वर-खाली होते. स्नोक्वाल्मी खिंड केवळ ३,०२२ फुटांवर असल्याने भर जानेवारीतही तेथे सकाळी हिम आणि रात्री पाऊस असा प्रकार घडतो. कोरड्या, कडक थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचा पाऊस अधिक घातक, कारण ओले झालेले कपडे आणि निजण्याची पिशवी रात्रीतून वाळत नाहीत. म्हणून जागा निवडताना हवामानाच्या अंदाजातील गोठणरेषेची उंची अवश्य पाहावी, आणि मुक्काम त्या रेषेच्या किमान हजार फूट वर येत नसेल तर दुसरे ठिकाण शोधावे किंवा बेत पुढे ढकलावा. पर्वताच्या पूर्वेस, लेवनवर्थ किंवा मेथाउ खोऱ्याच्या बाजूस, हवा अधिक कोरडी असते आणि रात्री अधिक थंड असतात. पश्चिमेस पावसाचा अंमल असेल तेव्हा पूर्वेकडची वाट विचारात घ्यावी.

रस्ता, परवाना आणि मोटार

हिवाळ्यात पुष्कळ डोंगरी रस्ते बंद होतात. जे खुले राहतात तेही शासन नांगर फिरवून साफ करील तेवढ्यापुरते. म्हणून ठिकाण निवडणे म्हणजे वस्तुतः मोटार रात्रभर ठेवण्याची अधिकृत जागा निवडणे होय. वॉशिंग्टन राज्यात हिवाळ्यासाठी साफ केलेले जे तळ आहेत त्यांना स्नो-पार्क म्हणतात, आणि तेथे मोटार उभी करण्यास निराळा परवाना लागतो. उन्हाळी परवान्यावर तेथे भागत नाही. सर्वच तळांवर रात्री मोटार ठेवण्याची मुभा नसते, ही चौकशी आधी करावी.

माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानाचे नियम अधिक तपशीलवार आहेत. १ नोव्हेंबर ते १ मे या मुदतीत उद्यानात शिरणाऱ्या प्रत्येक मोटारीत चाकांच्या साखळ्या असल्याच पाहिजेत, मग गाडी चारही चाकांनी चालणारी का असेना. लाँगमायरहून पॅराडाइजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दरवाजा रात्री बंद होतो, सकाळी हिम हटविल्यावरच उघडतो, आणि अलीकडच्या हिवाळ्यांत आठवड्यातील काही वारी तो उघडलाही जात नाही. तेव्हा परतीचा वार आधी निश्चित करावा. रात्रीच्या मुक्कामास परवाना आवश्यक असून, खालची कोवळी वनस्पती चिरडली जाऊ नये म्हणून, पॅराडाइज परिसरात निदान पाच फूट आणि अन्यत्र दोन फूट हिम साचल्यावाचून हिमावर तंबू ठोकण्यास मनाई आहे. रस्ते व इमारती यांपासून तीनशे फूट दूर राहावे, असाही दंडक आहे. हे नियम जाचक नव्हेत. परवाना देताना वनरक्षक आपला बेत ऐकून घेतो, आणि त्या दिवशी कोणती सोंड निर्भय आहे व कोणती नाही, हे त्याच्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही; त्याला मोकळेपणाने प्रश्न विचारावेत आणि त्याने नापसंती दर्शविली तर वाद न घालता बेत बदलावा.

काही ठिकाणांचा विचार

माउंट सेंट हेलेन्सच्या दक्षिणेस मार्बल माउंटन स्नो-पार्कपासून जून लेकपर्यंतची वाट सुमारे अडीच मैलांची, पाच-सहाशे फूट चढाची आणि बहुतांशी वनातून जाणारी आहे. सिअ‍ॅटलहून दूर असली तरी पोर्टलंडच्या मंडळींना ती सोयीची. उंची कमी असल्यामुळे येथे पावसाचे भय अधिक; गोठणरेषा खाली असेल तेव्हाच जावे. नवख्यासाठी हे ठिकाण मी अग्रक्रमाने सुचवीन. मात्र तळ्याच्या काठच्या कड्यांखाली न थांबता अलीकडच्या झाडीत थांबावे.

पॅराडाइजच्या पूर्वेकडील मझामा सोंड हे दुसरे उत्तम ठिकाण. मोटारीजवळ शौचालय आहे, वनरक्षक जवळ आहे, हिमाचा भरवसा आहे, आणि आकाश स्वच्छ असेल तर माथ्यावर साक्षात रेनियर आणि दक्षिणेस टाटूश रांग असा देखावा लाभतो. परंतु खोऱ्यातून सोंडेवर चढणारा टप्पा सर्वत्र सौम्य नाही, म्हणून चढ कोठून घ्यावा हे त्या दिवशीच्या अंदाजावरून आणि वनरक्षकाच्या सल्ल्यानेच ठरवावे. जवळच्या रिफ्लेक्शन लेक्सकडे नराडा फॉल्सपासून जाणारी वाट आखूड आहे खरी, पण धबधब्यामागचा तीव्र उतार प्रपाताचा आहे. आखूड वाट ती निर्भय वाट, असे गृहीत धरू नये.

माउंट बेकरकडील आर्टिस्ट पॉइंट हे छायाचित्रांमुळे सर्वांत प्रसिद्ध झालेले ठिकाण. एका बाजूस बेकर, दुसऱ्या बाजूस शुक्सान, अंतर दोन मैलांच्या आसपास आणि चढ सुमारे हजार फूट. कागदावर सारे आपल्या मर्यादेत बसते. परंतु वाटेच्या दोन्ही अंगांस प्रपाताचे उतार आहेत, शेवटची चढण तीव्र आहे, आणि वरचे पठार वाऱ्याला सर्वस्वी उघडे असल्यामुळे ढग उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. स्थिर, निरभ्र हवा आणि अल्प भयाचा अंदाज असे दोन्ही योग जुळून आलेल्या दिवशी, अनुभवी सोबत्यासह, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मुक्कामासाठी ते राखून ठेवावे.

आणि रेनियरवरील कॅम्प म्यूर? दहा हजार फुटांवरचा हा तळ नावाने परिचित आहे, तेथे दगडी निवाराही आहे. पण त्याकडे नेणाऱ्या उघड्या हिमक्षेत्रावर धुके उतरले असता दिशा चुकून प्राणास मुकलेल्यांची संख्या लहान नाही. स्नोशूच्या पहिल्या मुक्कामाचे ते स्थान नव्हे.

अन्यत्र राहणाऱ्या वाचकांनीही हीच कसोटी लावावी. कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या बॅजर पासपासून ड्यूई पॉइंटपर्यंत साडेतीन मैलांची सौम्य वाट आहे. सवय झाल्यावर ती घ्यावी, परंतु मुक्काम कड्याच्या धारेपासून पुष्कळ मागे ठेवावा. न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या मंडळींना अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतातील मार्सी डॅमचा परिसर योग्य: वाट सव्वादोन मैलांच्या आसपास, एक बाजू उघडी असलेले लाकडी निवारे उपलब्ध, आणि आठ इंचांवर हिम असताना स्नोशू किंवा स्की वापरणे त्या अरण्यात कायद्यानेच बंधनकारक. महाराष्ट्रातून हिवाळ्यात केदारकंठ किंवा कुवारी खिंडीकडे जाणाऱ्यांना मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे उंची. केदारकंठाचा माथा साडेबारा हजार फुटांवर आहे, आणि आठ हजार फुटांपलीकडे विरळ हवेची बाधा कोणासही होऊ शकते. दहा हजार फुटांवर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये, हा वैद्यकीय सल्ला तेथे जागा निवडण्याचा भागच समजावा. चंडीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था पश्चिम हिमालयासाठी हिमप्रपाताचे इशारे देते. स्थानिक वाटाड्याच्या सल्ल्याबरोबर त्यांचाही आधार घ्यावा.

तंबूची नेमकी जागा

ठिकाण ठरले तरी त्या ठिकाणातील शंभर पावलांचा फरकही महत्त्वाचा असतो. रात्री थंड हवा जड होऊन खोलगटात साचते, म्हणून दरीच्या अगदी तळाशी थांबू नये. माथ्यावर वारा असतो, म्हणून तेथेही थांबू नये. दोहोंच्या मध्ये, झाडीच्या आडोशाला, किंचित उंचवट्यावर जागा पाहावी. परंतु आडोसा देणाऱ्या झाडाच्या फांद्या हिमाने लवल्या असतील किंवा ते वाळलेले असेल, तर त्याखाली तंबू ठोकू नये. मोठ्या देवदारांच्या बुंध्याभोवती हिम पोकळ राहते आणि त्या खड्ड्यात डोके खाली होऊन पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येणे कठीण जाते, हे मुलांना आधीच समजावून ठेवावे. तळ्याचे हिम सपाट दिसते म्हणून त्यावर मुक्काम करू नये. खाली बर्फ किती जाड आहे, हे वरून कळत नाही.

जागा ठरल्यावर स्नोशूंनीच ती चांगली तुडवावी आणि अर्धा तास तशीच राहू द्यावी. तुडविलेले हिम आपोआप आवळून घट्ट होते. पाण्यासाठी हिम वितळवावे लागते व त्याला पुष्कळ इंधन लागते. म्हणून कोठे वाहते पाणी सुरक्षितपणे हाती लागेल तर पाहावे, पण त्यासाठी ओढ्यावरच्या हिमाच्या कमानीवर पाऊल ठेवू नये. स्टोव्ह बंद तंबूत पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

निर्णय केव्हा आणि कोणी करावा

आपल्याकडे मोहिमेचा बेत एकदा ठरला की तो तडीस नेणे हा स्वाभिमानाचा विषय होतो. हिमप्रदेशात हा स्वभाव सोडला पाहिजे. आठवड्याच्या आरंभी एका ठिकाणाऐवजी तीन ठिकाणे निवडावीत: एक मनाजोगते, एक त्याहून सौम्य, आणि एक असे, की प्रपाताचा अंदाज कसाही असला तरी तेथे भय पोहोचत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हिमप्रपाताचा अंदाज, गोठणरेषा, वाऱ्याचा वेग आणि रस्त्याची स्थिती या चारी गोष्टी समोर ठेवून त्यांतील एक पक्के करावे. निवड करताना मंडळींतील सर्वांत सशक्त माणसाची नव्हे, सर्वांत अशक्त माणसाची शक्ती प्रमाण धरावी, आणि त्याचा नकार कारण न विचारता मान्य करावा. ठिकाणाचे नाव, मोटार कोठे उभी असेल आणि परतीची वेळ टळली तर कोणाला कळवावे, हे लेखी स्वरूपात घरी ठेवून जावे. या पर्वतांत भ्रमणध्वनी बहुधा चालत नाही. वाटेत माघारी फिरण्याची घटका आधीच ठरवावी, आणि ती आली की माथा समोर दिसत असला तरी फिरावे.

डोंगराच्या ओढीने सातासमुद्रापार गेल्यावरही पाठपिशवी भरणाऱ्या प्रत्येक वाचकाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याने हिमातली रात्र अवश्य अनुभवावी, अशीच माझी इच्छा आहे. त्याला विनंती एवढीच, की या हिवाळ्यात पहिला मुक्काम मोटारीपासून दोन मैलांवरच्या एखाद्या साध्या, सपाट, झाडीतल्या जागी करावा, ती रात्र कशी गेली याचा नीट विचार करावा, आणि त्यानंतरच नकाशावर पुढचे ठिकाण शोधावे.